वखारवाल्याची चिता

प्रिय आप्पा,

आज तुमचा दहावा झाला. घाटावरून आलो, ताटावर बसलो आणि तसाच उठलो. म्हणून लिहितोय. तोंडानं बोलायची लाज वाटते.

आपली राजपुऱ्यातली लाकडाची वखार! घरोघरी गॅस आला तशा सिंधीपुऱ्यातल्या बायका जळण न्यायला यायच्या थांबल्या. मी कुरकुरायचो. तुम्ही म्हणायचात, "बरं झालं रे, डोळे तर वाचले त्यांचे!" शेवटी उरलं ते स्मशानाचंच गिऱ्हाईक.

आणि तुम्हीच मला जवळ बसवून सांगितलंत, "जनमभर झाडं विकली. माझ्यासाठी एक बी झाड नको. त्या नव्या गॅसच्या दाहिनीत दे मला." मी वाद घातला, गॅस काय फुकट येतो? देशाला बाहेरून विकत आणावा लागतो, त्यानंही हवा बिघडतेच. तुम्ही चिडलात, "माहीत आहे! पण एका मेलेल्या माणसापायी अख्खं झाड? हो म्हण." मी हो म्हटलं.

मग तुम्ही गेलात त्या दिवशी काय झालं मला? कुणीतरी दाहिनीचं नाव काढलं, तसे काका म्हणाले, "वखारवाल्याला गॅसवर जाळणार? लोग क्या कहेंगे? पोराला बापापुरतं लाकूड जड झालं?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली आणि आपल्याच वखारीतलं लाकूड गाडीत भरलं. चांगलं वाळलेलं, निवडून.

आज कावळा पिंडाला शिवेना. काका हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनीला अंतर देणार नाही." आत्या काहीबाही कबूल करत राहिली. तुम्ही कशासाठी अडलात ते मला एकट्याला ठाऊक होतं. तरी जीभ उचलली नाही! शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

पण आप्पा, एवढ्या भित्र्यावर तुम्ही भरवसा ठेवलात तरी कसा?

घरी आल्यावर आई म्हणाली, "तुला सांगितलं होतं ना त्यांनी?" तिला माहीत होतं! "मग तू का नाही बोललीस?" असं मी तिलाच विचारलं. बघा माझी हिंमत!

"मी तुझ्याकडं बघत होते रे. आता बोलशील, मग बोलशील." मग म्हणाली, "मला बी गॅसवरच जायचंय. तुझ्या बायकोला सांगून ठेवलंय."

मला नाही सांगितलं, आप्पा.

तेराव्याला सगळं गणगोत जमेल. पानं वाढायच्या आधी मी उभा राहीन आणि तुम्ही काय मागितलं होतं, मी काय केलं, ते काकांच्या तोंडावर सांगेन. आवाज कापला तरी सांगेन. आई समोर बसलेली असेल.

तुमचा,
सुधीर