काळ्या वाटेवरची शाल

चि. सौ. पमी हिला कुवेतमधल्या अब्बासियाहून आशीर्वाद. (विसरली असशील म्हणून सांगते, मी तुझी थोरली बहीण. आपण दोघी एकाच घरात वाढलो.) गुडघे कसे आहेत? मागे तू सदानंदरावांना देवळात विसरून एकटीच रिक्षाने घरी आलीस, ते आता सापडले असतीलच. गॅस, चष्मा, नवरा, सगळं विसरतेस. पण मला विमानात गार लागेल म्हणून दिलेली काश्मिरी शाल तेवढी तुझ्या पक्की लक्षात आहे. तुझ्या स्वराच्या लग्नात अंगावर घ्यायची आहे, कधी पाठवतेस, असं फोनवर तीनदा विचारलंस. उत्तर लांबलचक आहे आणि फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून हे पत्र. मी सांगते आहे, माझा नीलेश लिहितो आहे. आपल्या लहानपणी एकीने म्हशींमागे जायचं आणि एकीने शाळेत, असं ठरलं. त्यामुळे तुला लिहिता येतं आणि मला लक्षात राहतं. वाटणी काही वाईट झाली नाही. नीलेश कामाच्या दिवशी घरी कसा, असं आत्ताच विचारू नकोस. त्याचा डावा हात प्लॅस्टरमध्ये आहे, तेही ओघात येईल.

इथे उन्हाळ्यात नळाखाली भांडं धरलं तर नुसती चहापत्ती टाकायची बाकी असते. अशा गावात तुझ्या भाच्याला चाळिशीत सायकलचं वेड लागलं. कुवेतात चढ म्हणून नाही. जहऱ्यापर्यंत जा, जमीन पोळपाटासारखी. उंच म्हणावा असा एक अम्गऱ्यातला भंगाराचा ढीग. म्हणून बकरी ईदच्या सुट्टीत हा आम्हाला सगळ्यांना घेऊन जॉर्जियाला गेला. तिथे डोंगरावर सायकलींचं उद्यान आहे. मी म्हटलं, डोंगरावर माझं काय काम? तर म्हणाला, आई, तिथे लिफ्ट आहे. आता, आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर आणि आमची लिफ्ट रमजानपासून बंद. चालणारी लिफ्ट बघायला मी कुठेही गेले असते.

पण ती लिफ्ट म्हणजे दार नाही, भिंत नाही, मजल्याचं बटण नाही. तारेला टांगलेला बाक नुसता. तो मागून येतो, गुडघ्यांमागे दणका देतो, आपण बसतो (बसतो म्हणजे पडतो), आणि पाय मांडवाच्या पडवळासारखे लोंबकळत दरीवरून निघतो. पुढच्या बाकाला सायकल अडकवलेली असते. वर पोचलं की सायकलवरून खाली सुटायचं, आणि खाली आलं की पुन्हा लिफ्टने वर. म्हणजे चढायचे कष्ट नकोत, पडायचे तेवढे हवेत. सूनबाई सुमेधा खाली डबा सांभाळत बसली. मी अंतराबरोबर तीनदा गेले. पोरगी सारखी इंग्रजीत ओरडत होती, आजी, सिट स्टिल! (नात माझी, पण ओरडते शाळेतल्या बाईंसारखी.)

वर एक पाटी होती. तिच्यावरची अक्षरं म्हणजे ताटात मांडलेली कडबोळी. नीलेश एवढा सी.ए. झालेला, पण त्या पाटीपुढे तोही माझ्यासारखाच अंगठेबहाद्दर. फोन धरून उभा, आणि फोनला रेंज नाही. मी मात्र घडाघडा वाचली. हिरवी रेघ सोपी, निळी बरी, तांबडी अवघड, काळी म्हणजे जाऊ नकोस. मला वाचता येईल अशी पाटी जन्मात पहिल्यांदा भेटली.

तिसऱ्या खेपेला वाऱ्याने शाल उडाली आणि नेमकी काळ्या वाटेवर पडली. (मावशी, वारा नव्हता. आई खालच्या सायकलवाल्यांना शाल हलवून "सावकाश रे बाबांनो" म्हणत होती. – नीलेश) मी वरून ओरडून सांगितलं, काळीवर जाऊ नकोस. पण शिकलेल्याला अडाण्याचं ऐकायची सवय नसते. "मावशीची शाल!" म्हणत हा सुटला. पहिल्या वळणापर्यंत सायकल त्याच्याबरोबर होती. पुढे ती वेगळी आली, हा वेगळा. (शाल मी उचलून कमरेला बांधली होती. तिचं टोक मागच्या चाकात गेलं. – नीलेश) मनगटाचं हाड मोडलं, पण डॉक्टर म्हणतात जुळेल. शाल जपून ठेवली आहे. (अर्धी. – नीलेश) मी "आहे" म्हटलं, वाक्य संपलं, तरी याचं पेन चालूच. विचारलं तर म्हणतो, पूर्णविराम देतोय.

तेव्हा तू निर्धास्त राहा. शाल लग्नानंतर पाठवते. लग्नाच्या गर्दीत उगाच हळद सांडायची. स्वराला आशीर्वाद, आणि सदानंदरावांना देवळात एकटं सोडू नकोस.

तुझी अक्का

ता. क. पाकीट बंद करण्याआधी शेजारच्या हफिजाकडून पत्र वाचून घेतलं. ती रत्नागिरीला मराठी शाळेत शिकलेली आहे आणि कंससुद्धा मोठ्याने वाचते. नीलेश तेवढ्यात खाली दूध आणायला गेला, तो अजून आलेला नाही. हे पुढचं हफिजा लिहिते आहे. कंस राहू देत. वारा नव्हता. शाल मीच हलवली. इतक्या उंचावरून हाका मारायला मला कधी मिळालं नव्हतं गं. पोरगा काळ्या वाटेवर गेला तोही तू काय म्हणशील या धाकाने. अर्धी शाल चाकाने खाल्ली. उरलेल्या अर्धीला हफिजाने इतका सुरेख काठ शिवलाय की लग्नात एका खांद्यावरून घे. कुणी विचारलं तर सांग, कुवेतात अशीच पद्धत आहे.

ता. क. दुसरा. पत्र आणि शाल घेऊन हफिजाचा नवरा अशरफ येतो आहे. तो पंधरा दिवसांनी परत निघेल. ती लिफ्ट म्हणे हिवाळ्यात बर्फातही चालते. अशरफबरोबर नीलेशच्या हाडासाठी कुळथाचं पीठ, थोडी आमसुलं, फणसाची साठं आणि कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी पाठव. बरणी फुटू नये म्हणून तुझ्या त्या तपकिरी लोकरी शालीत नीट गुंडाळ. तीच ती, कपाटात खालच्या कप्प्यात, जी आपल्याकडे आहे हे तू विसरली आहेस.