डावा घोटा

१४ जानेवारी

पाणी मुरतंय कुठंतरी! होजानं, म्हणजे आमच्या प्रशिक्षकानं, आज स्वतः चहा ओतून दिला. वर विचारतो, "यालचिन, काही दुखत तर नाही ना?" अडीच वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आत्ताच का?

चौतीस वय. फुटबॉलचे सतरा हंगाम, सहा क्लब, सगळे खालच्या विभागातले. देवानं पायात जादू दिली नाही, म्हणून दोन माणसांइतकं पळत आलो. वसंतापर्यंत पहिल्या अकरात टिकलो तर करार वाढेल. नाहीतर सासऱ्यांच्या हेझलनटच्या बागेत पोती उचलायची. आणि हा डावा घोटा! प्रत्येक सरावानंतर सुजतो. हे फक्त दुर्सुन उस्ताला माहीत. म्हातारा आमचे कपडे धुतो, बूट सांभाळतो आणि कोणी नसताना माझा घोटा बांधून देतो.

१७ जानेवारी

माझ्याच जागेवर नवा स्ट्रायकर येतोय म्हणे, बोस्नियाचा. बावीस वर्षांचा घोडा.

बायकोला सांगितलं. नेवीन म्हणाली, "तुला सरबतातही विष दिसतं. मासे तळलेत, गार व्हायच्या आत गिळ." गिळले. चव कळली नाही.

१९ जानेवारी

उस्ता होजाच्या खोलीत — दार बंद! मी टकटक केली तसे दोघं गप्प. उस्ता खाली मान घालून निघून गेला.

नंतर धुण्याच्या खोलीत गेलो. मशीनवर त्याची निळी वही उघडी. पहिलीच ओळ: "यालचिन — डावा घोटा." पुढचं वाचणार तोच त्यानं झटकन मिटली. "काही नाही रे, धुण्याची यादी."

धुण्याच्या यादीत माझा घोटा? कुंपणच शेत खातंय!

२१ जानेवारी

घोटा आज स्वतःच बांधला. सैल बांधला गेला.

२३ जानेवारी

उस्ता माझे बूट घेऊन आला. डोळ्याला डोळा देईना. म्हणाला, "यालचिन, माझ्यावरचा तुझा हक्क हलाल कर."

हे तर निरोपाचं बोलणं! ताटातूट होताना माणूस मागतो — काही चुकलं असेल तर माफ कर, मनात ठेवू नकोस. म्हणजे माझं जाणं ठरलंच की! घोटा विकून आला, आणि वर माफीही पाहिजे!

म्हणालो, "नाही करत!"

आमच्याकडे वैऱ्यालाही कोणी असं म्हणत नाही. तो बूट धरून उभाच राहिला. मग हळूच, "बरं, पोरा. नाडी झिजलीय. बदल ती."

नेवीनला हे सांगितलं नाही.

२७ जानेवारी

खेळवलं मला! अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला गोल. डोक्यानं, तोंडभर चिखल. सूर्यफुलाच्या बिया फोडत लोक ओरडत होते, "पळा आजोबा, नातवंडं बघतायत!" उस्ता बाकावर नव्हता. लाज वाटली असेल.

३० जानेवारी

दुर्सुन उस्ता गेला. हृदयाची शस्त्रक्रिया होती, टेबलावरच गेला. होजा म्हणाला, "रजा मागायला आला होता त्या दिवशी. पोरांना सांगू नका म्हणाला."

रजा. ठीक. पण मग वही?

३१ जानेवारी

मशिदीच्या अंगणात शवपेटीसमोर इमामानं तीनदा विचारलं, "आपला हक्क हलाल करता का?" तिन्ही वेळा सगळे म्हणाले, "हलाल असो!" मी ओठ हलवले. आवाज काढला नाही. वहीत माझं नाव होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं!

४ फेब्रुवारी

उस्ताच्या जागी नवा माणूस आला. निळी वही माझ्यापुढे धरली. "उस्तानं माझ्यासाठी लिहून ठेवलीय. हे तुम्हीच ना?"

"यालचिन — डावा घोटा. पट्टी दोनदा गुंडाळायची, कोणी नसताना. होजाला कळता कामा नये. पोरगं जीव तोडून पळतं."

संध्याकाळी कबरीपाशी गेलो. तीनदा म्हणालो, मोठ्यानं. विचारणारा कोणी नव्हता.