तारवाबाहेरची आई

आई,

जेवण झाकून ठेवलंय. छोटीला पाळणाघरात घेऊन चाललेय, आजपासून रोज. तुमचे बायबलचे धडे बंद.

काल आंघोळीच्या टबात ती नोहाचं तारू खेळत होती. टब म्हणजे देवाने आणलेला महापूर, प्लास्टिकचा डबा म्हणजे वाचवणारी नाव. डब्यात हत्ती, जिराफ आणि कपड्यांचे दोन चिमटे, म्हणजे बाबा आणि आजी. मी विचारलं, "मी कुठे गं?" तर म्हणाली, "तू पाण्यात. तू रविवारी देवाकडे येत नाहीस ना. आजी म्हणाली, देव दार लावून घेणार." आणि माझं बोट धरून रडायला लागली. अडीच वर्षांची पोर.

रविवारी मी वॉर्डात आजाऱ्यांची अंथरुणं बदलत असते, हे सांगायला तुमची जीभ वळली नाही. हरवलेलं मेंढरू शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्टही दोन महिन्यांच्या धड्यांत तुम्हाला आठवली नाही.

या रविवारी मी सुटी घेतलीय. चर्चमध्ये उपासनेनंतर तुमच्या मैत्रिणी छोटीला बाकावर उभं करून गोष्ट सांगायला लावतात. खुशाल लावू द्या. तुम्ही शिकवलीत तशीच सांगेल ती, आईला बुडवण्यासकट. पाळकसाहेबांनाही मी मुद्दाम थांबायला सांगितलंय.

तुमची सून