पान्याला बांधलेलं कार्ड

अण्णा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, आणि गेल्या शुक्रवारी तुम्ही ताथवड्याच्या आमच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर, एसीत कामाला आलात. हजेरी तेवढी लावली नाहीत. माझं काम काय ते तुम्हाला कधी नीट कळलं नाही. मलाही सांगता यायचं नाही. आता येतं. दुकानांना ऑनलाइन पैसे घेता यावेत, ग्राहकाला परत करता यावेत, अशी यंत्रणा आमची कंपनी चालवते. हल्ली ग्राहकाची तक्रार वाचून पुढचं सगळं एक एआय एजंट करतो, म्हणजे माणूस नसलेला कारकून. त्याच्यापुढे हत्यारं मांडलेली असतात: एक पेमेंटची स्थिती बघायचं, एक व्यवहार रद्द करायचं, एक पैसे परत पाठवायचं. लोखंडाची नव्हेत, पण हत्यारंच. आणि त्याला हत्यार दिसतच नाही; दिसतं ते फक्त त्याला बांधलेलं वर्णन. ते वर्णन मी लिहिते. संस्कृतात एम.ए. केलेल्या तुमच्या मुलीला शेवटी, तुम्ही जन्मभर कामगारांना हत्यारं दिलीत तसल्या टूल रूमच्याच खिडकीत जागा मिळाली, बघा.

कॉलेजच्या सुट्टीतला तो रविवार आठवतो. माझं अक्षर चांगलं म्हणून तुम्ही चाकणच्या कंपनीतून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घरी आणलेला आहे. तुमच्या खिडकीतून जाणाऱ्या प्रत्येक हत्याराला तारेनं एक कार्ड बांधलेलं असायचं, हा तुमचाच हट्ट. आई भाकरी थापतेय, मी ओट्याखाली पाटावर. पहिला टॉर्क पाना. नट ठरलेल्या जोरानंच कसला जावा म्हणून असलेला. जोर पुरा झाला की टक् असा आवाज करणारा. मी लिहिलं, 'नट कसण्यासाठी.' सूत्रग्रंथ वाचणारी मी, एक अक्षर जास्तीचं नाही म्हणून स्वतःवरच खूश. तुम्ही कार्ड लांब धरून वाचलंत.

"ह्ये कुणासाठी लिवलंस?"

"कामगारांसाठी."

"न्हाई. ज्याला ठावं हाय त्याच्यासाठी लिवलंस. त्यो कशाला कार्ड वाचंल?"

"मग काय निबंध लिहू?"

"लिही की. परवा एकानं जाम नट सोडवाया ह्योच पाना घेतला. पाना गेला. दुसऱ्याला प्रेसच्या दणदणाटात टक् ऐकूच आलं न्हाई, त्यानं परत जोर लावला. बोल्ट तुटला. दोघंबी शहाणी माणसं हायेत. येडं कार्ड हाय."

"तुमचं कार्ड पान्याहून जड व्हणार," आई तव्याकडे बघत म्हणाली. झालंच ते. तुम्ही सांगत गेलात, मी तोंड वाकडं करून लिहीत गेले: नट कसायला. जाम नट सोडवायला नाही. टक् ऐकू आलं नाही म्हणजे नट कसला गेला नाही, असं धरू नये. परत जोर लावण्याआधी तपासून घ्यावं. दुसऱ्या दिवशी लातूरकडून नव्यानं आलेल्या एका कामगाराला तुम्ही ते कार्ड आणि पाना दिलात आणि शेजारी तोंड मिटून उभे राहिलात. त्याला जमलं तर कार्ड पास. त्यातलं तोंड मिटणं तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मी जाणते.

तर अण्णा, पैसे परत पाठवायच्या हत्याराचं वर्णन मी लिहिलं होतं, 'ग्राहकाचे पैसे परत करते.' खोड जात नाही. खोट्या पेमेंटवर चाचणी चालू होती. हत्याराकडून एजंटला येणारं उत्तर आम्ही मुद्दामच मधे अडवलं. पैसे परत गेले होते, पण एजंटला 'झालं' असं ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा पाठवले. टीम लीडर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण आदबशीर. म्हणाला, "मॅडम, एजंटच येडा आहे. शुक्रवारी परत चुकला तर हे काम त्याच्याकडून काढून घेऊ." मग वर्णनं लिहायला वेगळं माणूस कशाला, हे तो बोलला नाही, आदबशीर आहे म्हटलं ना.

"एजंट शहाणा आहे," मी म्हटलं. "येडं कार्ड आहे."

"कसलं कार्ड?"

मी पुन्हा लिहायला बसले. पूर्ण झालेल्या पेमेंटचे पैसे परत करायला. अजून पूर्ण न झालेला व्यवहार थांबवायला नाही. त्यासाठी 'रद्द करा' वापरावे. उत्तर आले नाही म्हणजे पैसे गेले नाहीत, असे धरू नये. आधी स्थिती बघावी. पुन्हा पाठवायचेच झाले तर पहिलाच विनंती क्रमांक द्यावा, म्हणजे पैसे दोनदा जाणार नाहीत. ऑफिसातलं सगळ्यांत लांबलचक वर्णन ते. शुक्रवारी आम्ही उत्तर अडवलं आणि मी तोंड मिटून उभी राहिले. एजंट थांबला. त्यानं स्थिती बघितली, पैसे गेलेत हे पाहिलं, आणि ग्राहकाला तसं कळवून मोकळा झाला. दिवसभर नाना तऱ्हांनी अडवून पाहिलं, एकदाही त्यानं परत जोर लावला नाही. मला वाटलं, खिडकीतून तुम्ही बघताय आणि मिशीत हसताय. आपल्या घराण्याचं काम आहे हे, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये टीम लीडर म्हणाला, "भारीच मॅडम. कुठं शिकलात हे?"

तुमच्या मागे तुमच्या सामानात सापडलेलं ते पान्याचं कार्ड, तेलकट बोटांच्या ठशासकट, माझ्या पर्समध्ये होतं. मी पर्समध्ये हात घातलासुद्धा. "सूत्रग्रंथांचा अभ्यास आहे ना," मी म्हटलं. सगळ्यांनी आदरानं माना डोलावल्या. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, तर तुम्हाला तरी खरं सांगते: हाताला कार्ड लागलं होतं, अण्णा, आणि मी रुमाल काढला.