कोरडं सारवण

साईश,

चहा थर्मासमध्ये आहे. आज ताजे उंडे नाहीत. इनास पोदेर पहाटे उंडे-पाव घेऊन आपल्याकडेच येत होता. देवळाच्या वळणावर कुठल्याशा गाडीने त्याची सायकल उडवली. गाडीवाला थांबला नाही. म्हापशाला इस्पितळात नेईपर्यंत इनास गेला.

तू म्हणालास, रात्रभर घरीच होतो, गाडी हलवलीच नाही. पण रोज सकाळी थंड गाडी चालू केलीस की सायलेन्सरमधून पाणी गळतं आणि माझ्या सारवलेल्या अंगणाला खड्डा पडतो. त्यावरून मी रोज तुला बोलते. आज तू गाडी मागच्या मांगराच्या छपराआड नेलीस, तेव्हा एक थेंब पडला नाही. म्हणजे ती आधीच तापलेली होती.

गाडीचा पुढचा दिवा मी जाऊन पाहिलेला नाही. पाहणारही नाही.

मी इनासच्या घरी चालले आहे. त्याच्या बायकोसमोर बसून मला गप्प राहता येणार नाही. त्याआधी तू स्वतः पोलिसांकडे जा. गाडी धुऊ नकोस.

भूक लागली तर डब्यात कालचा एक उंडा आहे. त्यानेच दिलेला.

आई