बोंबलांखालची दांडी

मी, पुष्पलता रामू तामोरे, राहणार मौजे माहीम, तालुका पालघर, जिल्हा ठाणे, धंदा शिवणकाम, वय अंदाजे सव्वीस (जन्माची नोंद सापडली नाही, खोटे लिहायचे नाही, म्हणून अंदाजे), डोके ठिकाणावर असताना, कोणी पढवलेले नसताना, माझ्याच अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. पुढच्या आठवड्यात मुंबईला माझ्या मानेवरच्या गाठीची शस्त्रक्रिया आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणाले. मी विचारले नसताना दोनदा म्हणाले, म्हणून लिहिलेले बरे.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा थोरला भाऊ एकनाथ यास. पश्चिमेकडची कौले फुटली आहेत, हे आधीच सांगते. मागून बोल नको.

२. शिवणयंत्र हंसावहिनीस. पोस्टातल्या शिलकीतून आधी इस्पितळाचे भागवावे. उरेल त्यातून दर दिवाळीनंतर खळ्यावरच्या मुलांसाठी पुस्तके घ्यावीत. मोठ्या अक्षरांची, चित्रांची. उपदेशाची नकोत.

३. बोंबील सुकवायचे खळे. हे वडिलांनी हयातीतच माझ्या नावे केले, कागद पेटीत आहे. वडील म्हणजे माझी पहिली शाळा. होडीवर डांबराने लिहिलेल्या आईच्या नावावरून, ‘जमना’वरून, त्यांनी माझे बोट फिरवले. खऱ्या शाळेत गेले तेव्हा मला वाचता येत होते, आणि वाचायला आवडतही होते. दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी, हे मला पुढे कळले.

खळ्यावर कावळे हाकलायला लहान पोरांना बसवायची आपली जुनी रीत. दिवसभर नुसते “हाड, हाड!” मी म्हटले, ओरडायचेच तर गोष्ट ओरडा, मोठ्याने वाचले तरी कावळा बसत नाही. बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात. त्यांच्याखाली पोरांच्या हाताला येईल अशी एक दांडी बांधून मी पुस्तके मधोमध उघडून टांगली. पहिल्या वर्षी फजिती झाली. वरचे पाणी पानांवर गळले आणि गोष्टीतल्या राजाला बोंबलाचा वास लागला म्हणून मांजरीने राजाचे पानच पळवले. तेव्हापासून ओले बोंबील एका बाजूला, पुस्तके दुसऱ्या बाजूला, सुकलेल्यांखाली. हा नियम कायम ठेवावा.

शेजारच्या खळ्यावरून ठकीआत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, “पुष्पे, गोष्टी ऐकून बोंबील सुकतात काय गं? ऊन लागतं, ऊन!”

“कावळा तरी बसला काय, आत्या?”

“कावळा नाय बसला. पन माजी लाडकी उठत नाय आता!”

लाडकी म्हणजे तिची नात. ती तेव्हा पुस्तक उलटे धरून, चित्रे बघून मनानेच वाचायची. मी कोणालाही तिला थांबवू दिले नाही. पुढच्या हंगामात तिने पुस्तक आपणहून सरळ धरले. आता ती वाचू लागली की मासे लावणाऱ्या बायकांचे हात थांबतात. “ए, वाघाचं काय झालं? परत वाच!”

एकनाथदादा म्हणतो, “तारापूरला वीजघराचं काम निघालंय. खळ्यावर दोन खोल्या काढल्या तर सायब लोक भाडं देतील. तुजी पोरं काय देनार?”

म्हणून हे खळे मी हंसावहिनीच्या, म्हणजे त्याच्याच बायकोच्या, एकटीच्या नावे करते. गोष्टीचा शेवट ऐकताना तिने एकदा भात करपवला होता. दादा ओरडला तेव्हा म्हणाली, “राजकन्या सुटायची होती ना!” अशा बाईच्या हाती खळे सुरक्षित आहे. दादा, आता भाड्याचे तिच्याशी बोल.

अटी: खालची दांडी कधी काढू नये. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नये. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर पुन्हा वाचावी. पान फाटले तर पोराला मारू नये, खळ लावून चिकटवावे.

४. ठकीआत्यास मी काहीही ठेवत नाही. लोक म्हणतील, जुना राग. तसे नाही. ज्याला लाभ त्याची साक्ष घेणे माझ्या मनाला पटत नाही, आणि साक्ष मला तिचीच हवी होती. हे लिहिताना ती समोर बसली आहे. लाडकीने तिला सगळे वाचून दाखवले. “माजं बोलनं बराबर लिवलंस,” म्हणाली. मी अंगठ्यासाठी शाईची गादी पुढे केली, ती तिने बाजूला सारली. “अंगठा कशाला? लाडकीनं शिकवलंय मला. टाक दे इकडं.”

वाघाची गोष्ट अर्धी ठेवून जात आहे, एवढीच रुखरुख. पण खूण घातलेली आहे, आणि पुढे वाचणारे पुष्कळ आहेत.

माहीम, ११ डिसेंबर १९६६
पुष्पलता रामू तामोरे

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. नरहरी मेहेर, टपालवाले
२. ठकी

(आत्याने सहीखाली आणखी लिहिले आहे. खोडलेले नाही:)
पुष्पे घरी ये. आमी पुढं वाचनार नाय.