तुम्ही बाहेर बसायला हवं होतं

सोमवार, लातूर. आज आमच्या क्लासच्या ऑफिसात मुलाखती होत्या. एकच जागा, पुढे बसून चौकशीला उत्तरं द्यायची. दुपारी लाइट गेली. संध्याकाळी चालत घरी आले.

अण्णा, एका मुलीचे वडील तिच्याबरोबर आत येऊन बसायला लागले. मी त्यांना बाहेर बसवलं. तुम्हाला कुणी बाहेर बसवलं नव्हतं. नांदेडच्या त्या संस्थेच्या ऑफिसात, माझ्या मुलाखतीला, तुम्ही माझ्याआधी खुर्ची ओढलीत. शेवटी साहेबांनी मला विचारलं, "तुला काही विचारायचंय?" त्या जागेवरच्या आधीच्या बाई का सोडून गेल्या, हे मला विचारायचं होतं. मी तोंड उघडेपर्यंत तुम्ही हात जोडले. "न्हाई साहेब, ती काय इचारती? तुम्ही सांगाल ते करील." सगळे हसले. तुम्हीही. साहेबांनी तुमचा शब्द धरून ठेवला. टायपिंगसाठी घेतलेली मी त्यांच्या घरी पाहुण्यांसाठी पोळ्या लाटत होते. आधीच्या बाई त्यालाच कंटाळून गेल्या, हे शिपायानं पहिल्याच महिन्यात सांगितलं. भोकरला घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "घरी लाटतीस की. तिथं लाटल्यानं हात झिजतेत का?" तुम्ही होतात तोवर मला ती नोकरी सोडू दिली नाहीत. तुम्ही गेलात, तुमचे दिवस झाले आणि मी राजीनामा दिला. लोकांना वाटलं, दुःखानं दिला.

आजच्या मुलीला मीच विचारते, "काही विचारायचंय?" ती दाराकडे बघते. मग हळूच म्हणते, "आधीच्या ताई का गेल्या, मॅडम?" शेजारी बसलेले, क्लास चालवणारे आमचे सर हसतात, "घ्या! नोकरी लागायच्या आधीच चौकशी लावली हिनं!" मी खरं ते सांगितलं. आईच्या ऑपरेशनला सरांनी सुट्टी दिली नाही, म्हणून ती गेली. मुलगी म्हणाली, विचार करून कळवते, आणि वडिलांना घेऊन निघून गेली. सर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या बाजूनं आहात का तिच्या? उद्या बोलू."

काय बोलायचंय, माझी नोकरी राहते का जाते, एवढं विचारायचं होतं. मी "बरं सर" म्हणाले. तुम्ही त्या खोलीत नव्हता, तरी विचारलं नाही. याचाही दोष तुम्हालाच द्यायचा म्हणून लिहायला बसले होते. तो तुमच्यावर पूर्ण बसत नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. खिचडी गार झाली होती. तशीच खाल्ली आणि ताट विसळून पालथं घातलं.